तेजूच्या गाडीचं हेड

“ताई, एक गंमत सांगू का,” चिंधीला हात पुसत साजिद म्हणाला, “हे हेड ज्या गाडीचं हाय ना, तिचा नंबर तुमच्या गाडीच्या पुढचाच हाय. तुमची एकेचाळीस, ती बेचाळीस. एकाच दिवशी पासिंग झाल्या असतील बघा दोघी.”

त्याला ती खरंच गंमत वाटली होती, आणि त्यात त्याचा काय दोष म्हणा. त्या गाड्या पासिंग झाल्या तेव्हा साजिद रांगत असेल नसेल. त्याचे वडील हैदरभाई आज गॅरेजवर असते तर त्यांनी नंबराचा विषयच काढला नसता. दोन्ही गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी खाली मान घालून सांगितलं असतं, की बाई, हेड काही मिळालं न्हाई, द्या गाडी सोडून. पण हैदरभाईंचे गुडघे गेले, ते घरी बसले, आणि पोरगा बापाच्या दुप्पट बोलका निघाला. तो चहा सांगायला नाक्यावर गेला आणि शिवकन्या प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती ती तशीच बसून राहिली. समोर पोत्यावर ते हेड ठेवलेलं. हात-दीड हात लांबीचा राखाडी ठोकळा, खालच्या अंगाला काजळलेले खळगे. इंजिनाच्या डोक्यावर बसतं म्हणून हेड. शेजारीच तिच्या गाडीचं मूळचं हेड, तडा गेलेलं. दोन्ही अगदी सारखी. कुठलं कुठलं ते कळावं म्हणून साजिदनं त्या दुसऱ्या गाडीच्या हेडवर खडूची फुली मारून ठेवली होती, नाहीतर त्याचीही गफलत झाली असती.

शाळेतून बीडला येताना पालीच्या अलीकडं गाडीचा काटा एकाएकी लाल रेषेवर चढला होता आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ आली होती. शिवकन्या त्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळेत बाई होती आणि इतकी वर्षं याच गाडीनं जात-येत होती. गाडी ओढून गॅरेजला आणली. साजिदनं ऑईलची पट्टी काढून दाखवली. “दूध झालंय ताई ऑईलचं. पाणी उतरलंय आत. हेड तडकलं.” नवं मिळणार नव्हतं, कंपनीनं ही गाडी बंद करून जमाना झाला. वेल्डिंग मारलं तर महिनाभर टिकेल, पुन्हा आहेच. “आता कुठं मेलेल्या गाडीचं जित्तं हेड घावलं तरच,” असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि शिवकन्येला त्या बोलण्याचं हसू आलं होतं. ते हसू आता तिच्या तोंडात कडू झालं. पाण्याची बाटली पर्समध्येच होती, पण पर्स उघडायला हात उठेना.

खरं तर प्रश्न साधा होता. हे हेड घ्यायचं की नाही, हो म्हणायचं की नको. सकाळी आष्टीला साईटवर निघताना तिचा नवरा अमरसिंह बुटाची लेस बांधता बांधता सांगून गेले होते, “जुनं तर जुनं, बसवून टाक. आपल्याला ती काय जन्मभर वापरायचीय? एकदा शोरूमच्या दारात चालत गेली की सुटलो.” त्यांच्या लेकीचं, स्वप्नालीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा पुण्यात, घर चांगलं, आणि त्यांची म्हणे काहीच मागणी नव्हती. पण अमरसिंह लेकीला गाडी देणार होते. शोरूमवाल्यानं सांगितलेलं, की जुनी गाडी एक्सचेंजमध्ये घेऊ, कशी का असेना, फक्त आपल्या पायानं आली पाहिजे, ओढत आणलेली चालत नाही. आणि कागद शिवकन्येच्या नावावर, तिच्या बापानं लग्नात तिच्या नावावर घेऊन दिलेले. तेव्हा सही तिचीच लागणार. इतकं सरळ काम. तेजूच्या, तिच्या धाकट्या बहिणीच्या, गाडीचं हेड तिच्या गाडीत बसवायचं, तिची गाडी शोरूमला घालायची, आणि शोरूममधून तिच्या लेकीची गाडी काढायची. कुणी जाणूनबुजून जुळवायला बसलं असतं तर इतकं नेमकं जुळलं नसतं.

अर्जुनरावांना, म्हणजे तिच्या वडिलांना, आण्णांना, एकच ध्यास होता: दोघींना सारखंच. पालीच्या धरणाखाली बागायत, पंचायत समितीचं सभापतिपद, घरात लेकी दोनच, आणि दोघींची लग्नं एका मांडवात. थोरलीला झुकतं माप दिलं असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. शालू एकाच रंगाचे, पाटल्या एकाच सोनाराच्या आणि एकाच वजनाच्या, कपाटं एकाच सुताराची. पितळी घागरीसुद्धा त्यांनी बोटानं वाजवून बघितल्या, नाद सारखा येतो का म्हणून. मग गाड्या. दोन्ही पांढऱ्या, आतून लाल मखमलीची कव्हरं, आणि नंबर लागोपाठचे मिळावेत म्हणून हा माणूस आरटीओ ऑफिसात अख्खा दिवस ठिय्या देऊन बसला. तालुक्यात नाव झालं. एवढं सगळं तोललं, पण लेकी ज्या दोन घरांत जायच्या ती घरं काही कुणी तराजूत घातली नाहीत. भामाआत्या, आण्णांची थोरली बहीण, ती एकटीच म्हणाली होती, की तेजूच्या सासरची माणसं लई तापट हायेत असं ऐकलंय, जरा इचारपूस करा. त्यावर आण्णा म्हणाले, “माणसं तशी न्हाईत ती. आन् मागितलंय का काही त्यांनी? आपुन देतोय.” शिवकन्या दाराआड उभी होती आणि तिला बापाचा अभिमान वाटला होता. कसला अभिमान, डोंबलाचा. पण वाटला होता खरा, छाती भरून आली होती.

आणि पाठवणी. मांडवासमोर दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लावलेल्या, दोन्हींना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. रडून रडून डोळे सुजलेले, त्यात मुंडावळ्या डोळ्यांपुढं झुलणाऱ्या, बँडवाल्यांचा कालवा कानात. शिवकन्या आपल्या गाडीत बसली होती. तेजू आईच्या गळ्यातून सुटली, तरातरा चालत आली आणि सरळ तिच्याच गाडीत शिरून तिच्याशेजारी बसली. क्षणभर कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तेजूनं तिचा हात घट्ट धरला. तळहात घामेजलेला, मेंदीचा आणि अत्तराचा वास एकमेकांत मिसळलेला. “अक्का, लई गरम होतंय गं,” एवढंच म्हणाली आणि डोकं मागं टेकून तिनं डोळे मिटले. मग बाहेर कुणीतरी हाळी दिली, अरे नवरी बदलली, आणि सगळा मांडव हसला. अमरसिंह हसले. तेजूचा नवरा परमेश्वर, तो कसनुसं हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. भामाआत्यानं दार उघडून तेजूला दंडाला धरून बाहेर ओढली. “येडी का काय तू, तुझी ती पलीकडली.” हात सोडवून घेताना तेजूच्या बांगड्या शिवकन्येच्या मनगटावर घासल्या. ती हसली होती. शिवकन्याही हसली होती त्या वेळी, हे काही खोटं नाही. पुढं दोन-तीन वर्षं हा किस्सा घरात रंगवून सांगितला जायचा, आणि मग कुणी सांगेनासं झालं.

साजिदनं चहाचा कप तिच्या हातात दिला. “मी रॉकेल ओतून बघितलंय ताई, कुठं गळत न्हाई. लेथवर एकदा घासून घेतलं की नव्यासारखं बसंल. घेऊन टाका. हे गेलं तर दुसरं घावायचं न्हाई, सांगून ठेवतो. एक जालन्याचा गिऱ्हाईक टपून बसलाय.” तो जालन्याचा गिऱ्हाईक आत्ताच जन्मला असावा, हे तिला कळत होतं. विकणाऱ्यानं असं बोलायचंच असतं. चहा गोडमिट्ट होता. तिनं एक घोट घेतला आणि कप तसाच खुर्चीखाली ठेवला.

साखर. तेजूच्या तेराव्यानंतर पालीत बैठक बसली होती, तेव्हा आत बायका चूल सांभाळत होत्या आणि चहाचा ट्रे बाहेर न्यायचं काम थोरल्या लेकीकडं आलं होतं. सतरंजीवर तेजूचे सासरे, परमेश्वर, आण्णा, आणि मध्ये पडलेले म्हणून अमरसिंह. पोलिसांत काय सांगायचं, केस करायची का नाही, ते ठरत होतं. बाजार समितीची निवडणूक तोंडावर आलेली, आणि त्या पट्ट्यातली मतं तेजूच्या सासऱ्यांच्या शब्दावर. परमेश्वरनं कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, “साखर कमी पडली, अक्का.” आणि ती आत गेली आणि साखर घेऊन आली. वाटी, चमचा. त्यानं दोन चमचे घातले आणि ढवळत बसला. आईनं मात्र त्या दिवशी सगळी रीत मोडली. उंबऱ्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या लेकीची गाडी तेवढी मला आणून द्या.” परमेश्वर काही बोलला असता तर निदान भांडण झालं असतं, पण आण्णाच म्हणाले, “दिलेली वस्तू माघारी मागत नसत्यात. आत जा.” आई आत गेली. केस झाली नाही. आण्णा निवडून आले, गुलाल उधळला गेला. वर्ष सरायच्या आत परमेश्वरनं दुसरं लग्न केलं आणि नवी नवरी त्याच पांढऱ्या गाडीतून घरी आणली, झेंडूच्या माळा लावून. हे सांगायला आलेल्या बाईला आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. आता आई नाही, आण्णा नाहीत, भामाआत्या नाही. दोन गाड्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्यातली एक भंगारात.

“कुठं हाय ती गाडी?” तिनं विचारलं.

“मागंच की, भंगाराच्या वाड्यात. बघायचीय का? काय राहिलंय तिच्यात बघायला.”

गॅरेजच्या मागं पत्र्याचं कुंपण, आत टायरांचे ढीग, सोललेल्या वायरी, उन्हात तापलेल्या लोखंडाचा वास. गाडी एका कडेला विटांवर उभी होती. चाकं गेलेली, बॉनेट नव्हतं, आणि जिथं हेड असायचं तिथं इंजिन उघडं पडून त्यात निंबाचा पाला साचलेला. पांढरा रंग साईसारखा पिवळा पडला होता. नंबराची पाटी मात्र शाबूत. मागच्या सीटवर लाल मखमल जागोजाग राहिली होती आणि तिच्यावर दुधाच्या कॅनचे गंजके गोल डाग. शेवटी शेवटी दूध वाहिलं असेल हिनं, किंवा शेळ्या. शिवकन्येनं खिडकीतून हात घातला आणि सीटवर ठेवला. सीट तापलेली होती. पुढं, गाडी चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी बायको बसते त्या बाजूच्या दाराला आतून उघडायची कडी नव्हती, तिथं नुसतं भोक. भंगारवाल्यानं काढली असेल. त्यानंच काढली असेल, कड्यांना गिऱ्हाईक असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तरी ती त्या भोकाकडं बघत राहिली. मग तिनं हात मागं घेतला.

तो फोन दुपारी आला होता. स्वप्नाली तेव्हा लहान, पंख्याखाली झोपलेली. तेजूचा आवाज बारीक, हाताचा आडोसा करून बोलल्यासारखा. “अक्का, गाडी घेऊन ये. मला घेऊन जा.” काय झालं म्हणून विचारलं तर तेच पुन्हा. गाडी दारात उभी होती, किल्ली खुंटीला टांगलेली, फोनपाशी उभं राहून दिसत होती. अमरसिंह साईटच्या जीपनं आष्टीला गेलेले. आणि शिवकन्येला गाडी चालवता येत नव्हती. बापानं तिच्या नावावर गाडी घेतली, पण ती तिनं चालवावी असं ना बापाला वाटलं, ना नवऱ्याला, ना तिला स्वतःला. तेजूचीही गाडी तेजूच्याच नावावर, तिलाही येत नव्हती. तीसुद्धा त्या वेळी अंगणात पांढरी स्वच्छ उभीच असणार. दोन बहिणींच्या दारात दोन गाड्या, मध्ये डांबरी सडक, आणि दोघींतली एकही जागची हलू शकत नव्हती. एसटीनं जाऊ का, असं शिवकन्येच्या मनात आलं. पण सभापतींची लेक बहिणीच्या सासरी एसटीनं उतरली तर लोक काय म्हणतील, तेही लगेच मनात आलं, आणि तेच वरचढ झालं. ती म्हणाली, “हे येऊ देत, उद्या सकाळी येतो आमी.” मग तेजू म्हणाली, “बरं.” सकाळी निघायच्या आत निरोप आला, की तेजू पाणी शेंदताना विहिरीत पडली. त्यांच्या घरात नळ होता.

त्या वर्षी शिवकन्येनं ड्रायव्हिंग स्कूल लावलं. अमरसिंह हसले होते, “आता कुठं जायचंय तुला?” तिनं सांगितलं नाही. लायसन हातात पडल्यावर ती एकदा एकटीच तेलगाव ओलांडून पुढं गेली, तेजूच्या सासरच्या गावाच्या फाट्यापर्यंत, आणि तिथून वळवून परत आली. रस्त्यात ऊस भरलेल्या दोन ट्रॅक्टरांमागं रखडली तरी पोचली. एवढाच रस्ता होता तो. दूधवाला जाऊन येतो एवढा.

ती गॅरेजमध्ये परतली तर स्वप्नाली स्कूटी स्टँडवर लावून उभी होती. साड्या बघायला जायचं होतं, आईला न्यायला आली होती. “झालं का गं आई? पप्पांचा मला दोनदा फोन आला.”

“हे हेड तेजूमावशीच्या गाडीचं हाय,” शिवकन्या म्हणाली.

स्वप्नालीनं पोत्याकडं बघितलं. तिला मावशी आठवत असण्याचं कारण नव्हतं. भिंतीवरचा फोटो, आणि मोठ्या माणसांनी अर्ध्यात सोडलेली वाक्यं, तेवढीच तिची मावशी. तरी तिचा चेहरा जरा उतरला. “अगं बाई. मग दुसरं बघायचं ना.”

“दुसरं न्हाई मिळत.”

“मग...” ती चाचरली. “मग बसवू दे ना आई. एक-दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. शोरूमला गेली की आपला काय संबंध?”

“रंग कोणता सांगितलाय तुझ्या गाडीला?”

“पांढरा. चांगला दिसतो म्हणून.” आणि मग आईच्या तोंडाकडं बघून, “काय झालं?”

“आपण त्यांना सांगू स्वप्ने, की गाडीबिडी काही देत न्हाई म्हणून. बघू तरी काय म्हणतात.”

“त्यांनी मागितलीच नाहीये गं. पप्पा देतायत. आणि ती माणसं तशी नाहीत आई.” शब्द तेच होते, आण्णांचे. आजोबा गेले तेव्हा ही पाळण्यातून नुकती उतरली होती, तिला कुणी शिकवले नव्हते, आणि तरी तेच तिच्या तोंडी आले. शिवकन्या काही बोलणार तेवढ्यात स्वप्नालीच म्हणाली, मुद्दाम दुखवायला नाही, जरा वैतागून, लग्नाच्या धांदलीत कुणीही बोलेल तशी, “आणि आजोबांनी तुला दिली तेव्हा तू बसलीसच की तिच्यात. तुझं काय वाईट झालं?”

काय वाईट झालं? शिवकन्या खरंच शोधू लागली. अमरसिंहांनी कधी हात उचलला नाही. तिरसट बोलले असतील, चारचौघांत अक्कल काढली असेल, पण तेवढं कुठं नसतं. घर झालं, नोकरी टिकली, लेक शिकली, गाडी सुखानं चालली. काही म्हणजे काही वाईट झालं नाही. आणि हेच तर तिला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं, की मला जे लाभलं ते कुणी बघून-पारखून दिलेलं नव्हतं. दोन घरं, दोन लेकी, जिच्या वाट्याला जे आलं ते आलं. आण्णांनी घागरी वाजवून घेतल्या, आणि लेकी तशाच डोळे झाकून टाकल्या. ती वाचली म्हणून तिच्या बापाचं चुकलं नाही असं होत नव्हतं; पण ती वाचली होती म्हणूनच आज तिची लेक समोर उभी राहून तिला हे विचारत होती.

“तुला गाडी चालवता येती का?” तिनं विचारलं.

“स्कूटी येते की.”

“गाडी म्हणते मी.”

स्वप्नाली हसली, जरा लाजली. “हे शिकवणार आहेत. लग्न झाल्यावर.”

शिवकन्येला तिच्याकडं बघवेना. “तू हो पुढं दुकानात. मी येते रिक्षानं,” ती म्हणाली. स्वप्नाली थोडी घुटमळली, मग स्कूटी काढून गेली. तेवढ्यात अमरसिंहांचा फोन. मागं कुठंतरी मिक्सरची घरघर, मजुरांचा आवाज. “बसवलं का?”

“न्हाई. अन् बसवणार न्हाई. ती तेजूची गाडी हाय, बेचाळीस नंबरची. मी सही बी करणार न्हाई.”

तिला वाटलं, आता हा माणूस चिडेल. चिडावं अशी तिची फार इच्छा होती. वीस वर्षांत जे बोलणं झालं नाही ते निदान आज, रस्त्याच्या कडेला, फोनवर का होईना, होऊन जाऊ दे. पण अमरसिंह नुसते खाकरले. “बरं,” ते म्हणाले, अगदी समजूतदारपणे म्हणाले. “मन धजत नसेल तर राहू दे. दे ते डबडं भंगारात. एक्सचेंजवाचून काय लेकीची गाडी अडती का? मी बघतो तिचं. तू साड्यांचं बघ.” आणि फोन ठेवला. तिचं नको म्हणणं त्यांनी असं खिशात टाकलं आणि ते पुढं गेले. ती फोन हातात धरून उभी राहिली. म्हणजे तिनं सही केली काय, नाही केली काय, हेड घेतलं काय आणि सोडलं काय, स्वप्नालीच्या मांडवासमोर ती पांढरी गाडी उभी राहणारच होती. बैठकीत तिनं साखर आणली नसती तरी परमेश्वरनं तो चहा प्यालाच असता.

तिला तो मांडव दिसायला लागला. आता मांडव नाही म्हणत, लॉन म्हणतात. लॉनचं फाटक, दिव्यांची कमान, आणि कमानीखाली कोरी करकरीत पांढरी गाडी. झेंडूऐवजी दुसरी कसली फुलं असतील. लिंबं मात्र असतील. स्वप्नाली रडत रडत येईल, डोळ्यांपुढं मुंडावळ्या, कानात कालवा, आणि गाडीत बसेल. दुसरी गाडी कुठं असणार आहे तिथं? तेजूला निदान घडीभर चुकायला जागा होती. निदान घडीभर ती बहिणीच्या शेजारी डोळे मिटून बसली होती. स्वप्नालीला चुकून बसायलासुद्धा दुसरी गाडी असणार नाही. आणि पुढं कधी एखाद्या दुपारी फोन आला, तर तिची आई खुंटीकडं बघत उभी राहील आणि खुंटीवर या खेपेला किल्लीही नसेल, कारण ते डबडं आजच भंगारात जाईल, बेचाळीसच्या शेजारी, विटांवर. माणसं तशी नसतीलही. देव करो आणि तशी नसोत. पण हे देवावर टाकून मोकळं व्हायचं काम घरातल्या सगळ्यांनी आधीच केलेलं होतं, तिनंही केलं तर राहिलं कोण?

साजिद दुसऱ्या एका गाडीखाली शिरला होता, त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. तिनं हाक मारली. तो सरपटत बाहेर आला आणि उभा राहिला. शिवकन्या पोत्यापाशी वाकली आणि तिनं खडूच्या फुलीवर हात ठेवला. धातू गार होता. हाताला काजळी लागली ती तिनं पुसली नाही.

“साजिद, हे बसव.”

“घासून घेतो आन् परवा देतो ताई,” तो खुशीत म्हणाला. “डायरेक्ट शोरूमलाच नेऊन घालू का?”

“शोरूमला न्हाई घालायची. तिला नीट कर, पार नीट. लग्नाच्या दिवशी मला ती मांडवासमोर चालू पाहिजे.”

साजिद बुचकळ्यात पडला. “तवा तर नवी गाडी असंल की तिथं. ह्या म्हातारीचं काय काम?”

“नवी तिला जायला,” शिवकन्या म्हणाली. “ही माघारी आणायला.”